मुरमुऱ्यांच्या अक्षता

लग्नात अक्षता पडायला लागल्या की मला नगरमधलं ते कॅमेऱ्याचं दुकान आठवतं. आम्ही पाथर्डीकडचे, आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे आणि त्यातूनच त्यांनी मला घरातला पहिला पदवीधर केलं. ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी हट्टच धरला, फोटो मीच काढणार. कॅमेरा होता, पण सलग चार-पाच फोटो काढले की जुनं मेमरी कार्ड अडायचं, आणि अंतरपाट दूर होतानाचा नवरीचा चेहरा काही पुन्हा मिळत नाही. म्हणून लग्नाच्या बाजाराला आईबरोबर नगरला गेलो, तेव्हा नवं मेमरी कार्ड घ्यायला त्या कॅमेऱ्याच्या दुकानात शिरलो. दुकानदार म्हणाला, "हे घ्या, यात दुप्पट फोटो मावतात." मी म्हणालो, "मावू द्या हो, पण पटापट उतरतात का ते बघू." त्याने पाकीट फोडून दिलं. मी कॅमेरा डोळ्याला लावून आईला म्हणालो, "टाक अक्षता!" तिने पिशवीतले मूठभर मुरमुरे थेट दुकानदारावरच उधळले. कार्ड मधेच अडलं. मग कमी जागेचं पण वेगवान कार्ड घातलं, आईने दुसरी मूठ उधळली आणि कॅमेरा थांबलाच नाही. डोक्यावरचे मुरमुरे झटकत दुकानदार म्हणाला, "मावशी, माझं लग्न कधीच झालंय!" आई म्हणाली, "मंग आज दुसऱ्यांदा लागलं. घरी सांगू नका." लग्नात अंतरपाट दूर झाला, ताईने मान वर केली, हसली, आणि ते सगळं न अडता कार्डात उतरलं. ते फोटो बघूनच मला पहिलं बाहेरचं काम मिळालं. आज पाथर्डीत माझा स्वतःचा स्टुडिओ आहे.