सासूबाईंचा कान

सासूबाईंना इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि त्याची त्यांना तिळमात्र लाज नव्हती. सून क्रेनखाली वॉकी-टॉकीवर हुकूम द्यायच्या परीक्षेत नापास होऊन आली, तेव्हा त्यांनी आधी चुकलं काय ते विचारून घेतलं.

क्रेनवाले नाना देशांचे, म्हणून हुकूम इंग्रजीत. ‘लिफ्ट’ म्हणजे वर, ‘लेफ्ट’ म्हणजे डावीकडे. सुनेच्या तोंडून दोन्ही एकसारखेच निघत. वर लोखंड लोंबत असताना असं चालत नाही, असं मुकादमाने तोंडावर सांगितलं होतं. महिन्याने शेवटची संधी, नाहीतर जन्मभर विटा वाहायच्या.

नवरा शिकवायला बसला. त्याला सगळंच बरोबर वाटे. सासूबाईंनी चार दिवस हे कौतुक पाहिलं आणि लेकाला उठवलं.

“ती काय म्हणणार हे तुला ठाऊक असतं, म्हणून तू सांभाळून घेतोस,” त्या म्हणाल्या. “मला हे दोन शब्द सोडले तर काहीच कळत नाही, अंदाज बांधता येत नाही. मी नुसतं ऐकते.”

मग रोज संध्याकाळी त्या सुनेकडे पाठ करून ओट्याशी उभ्या राहत. ‘लिफ्ट’ ऐकू आलं की हातातला डाव वर, ‘लेफ्ट’ला डावीकडे. शंका आली तर डाव जागचा हलत नसे. सून रडकुंडीला येई, पण म्हातारी बधणारी नव्हती. कुकरच्या शिट्टीतही शब्द कळला पाहिजे, हा तिचा हट्ट. चौथ्या आठवड्यात डाव एकदाही अडला नाही.

सून पास झाली. तरी मुकादम म्हणाला, वॉकी-टॉकीचा रेडिओ आत्ता हुकूम देणाऱ्या जुन्या माणसाकडेच राहील, त्याला बारा वर्षांचा अनुभव आहे. शिकवलं कोणी, तेही त्याने विचारलं. उत्तर ऐकून तो पोट धरून हसला आणि गंमत बघायला रविवारी त्या जुन्या माणसाला घेऊन घरीच आला.

सासूबाईंनी पाठ फिरवली. जुना माणूस ऐटीत ‘लिफ्ट’, ‘लेफ्ट’ म्हणू लागला. एकदा, दोनदा, दहादा. डाव तसूभर हलला नाही. त्याने आवाज चढवला, तरी नाही. सून भिंतीशी उभी राहून डावाकडे बघत होती. मुकादमाचं हसू कधीच मावळलं होतं.

सासूबाई वळल्या. त्यांचा आवाज शांत होता, पण राग लपत नव्हता.

“बारा वर्षं याच्या भरवशावर तुम्ही लोखंडाखाली माणसं उभी केलीत? याला रोज संध्याकाळी माझ्याकडे पाठवा. तोवर रेडिओ माझी सून धरेल.”

मुकादमाने मान हलवली. “उद्या सकाळी सातला ये,” तो सुनेला म्हणाला.