बाटली उन्हात धरणारे शिरीषदादा

हे मी लिहावं की नाही, हे अजूनही मला नीट ठरवता आलेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याची सवय परीक्षेपुरती. शिवाय शिरीषदादांबरोबर मी फक्त एक सीझन काम केलं. त्यांना वर्षानुवर्षं ओळखणारी माणसं आहेत, खरं तर त्यांनी लिहायला हवं होतं. ते गप्प राहिले. लिहिलं गेलं ते डार्विनच्या आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत, सहलीच्या वर्णनात, एका ओळीत: "गाईड मराठी असूनही बेजबाबदार निघाला." त्या ओळीमुळे मी लिहायला बसलो आहे. माझं काही चुकलं तर माफ करा. त्या ओळीला मात्र मी माफ करणार नाही.

मी डार्विनच्या युनिव्हर्सिटीत पर्यटनाचं मास्टर्स करत होतो. कोर्सच्या प्लेसमेंटसाठी ॲलिस स्प्रिंग्सला एका ट्रेकिंग टूर कंपनीत गेलो. पहिल्याच सकाळी कारपार्कमध्ये सोळा प्रवासी ओळीने उभे होते आणि त्यांच्यापुढून साठीला आलेला एक काटक माणूस सावकाश चालत होता. प्रत्येकाने त्याच्यासमोर अर्धी बाटली पाणी प्यायचं, मग ती बाटली उन्हात धरायची, पाण्याची पातळी त्याला दिसली पाहिजे. एका उंच गृहस्थाने सांगितलं की तो हॉटेलातच पिऊन आलाय. "नो वरीज, मेट. आता परत पी," असं म्हणून तो माणूस तिथेच थांबून राहिला. शेवटी माझ्यापाशी आला, छातीवरचं नाव वाचलं आणि मराठीत म्हणाला, "तुझी?"

मी दचकलो. प्यायलो म्हणालो.

"सांगू नकोस, दाखव."

ही आमची पहिली भेट.

शिरीषदादा मूळचे भोरचे. सिव्हिल इंजिनियर म्हणून स्किल्ड व्हिसावर आले, सिडनीजवळ पॅरामॅटाच्या एका ऑफिसात बरीच वर्षं काढली. एकदा आठवड्याच्या सुटीत ही लाल डोंगररांग चालायला आले आणि परत गेले ते फक्त राजीनामा द्यायला. मुलगी सिडनीत होती. ती फोनवर इंग्रजीत बोलायची, हे मराठीत, आणि दोघांचं छान चालायचं. चढ सुरू होण्याआधी ते कातळावर तळहात टेकवायचे. दहा आकडे मोजेपर्यंत हात ठेवता आला नाही तर तिथूनच मागे फिरायचं, मग बरोबर कोणीही असो. 'ॲडव्हेंचर' या शब्दाचा त्यांना राग होता. "तयारी न करता गेलेला माणूस जिवंत परत आला की त्याला ॲडव्हेंचर म्हणतो," असं ते म्हणायचे. मला ते 'मास्टर' म्हणत. "काय मास्टर, तुमच्या पुस्तकात उन्हाचा धडा आहे का? नसेल तर फी परत माग."

ऑगस्ट संपत आला तसं ऊन वाढलं. दादांचं म्हणणं, आता सहाला निघायचं. मॅनेजर क्रेगचं म्हणणं, हॉटेलचा ब्रेकफास्ट पॅकेजमध्ये आहे आणि तो साडेसातला सुरू होतो, म्हणजे निघायचं साडेनऊला. दोघांचं ऑफिसात वाजलं. दादा आवाज चढवत नसत, चढवला तो क्रेगने. बाहेर आल्यावर दादा मला इतकंच म्हणाले, "डोंगराला ह्यांचं पॅकेज माहीत नाही रे." निघायची वेळ साडेनऊच राहिली. आता आपल्या हातात पाणी तेवढं आहे, असं म्हणून त्या दिवसापासून ते अर्ध्याऐवजी पाऊण बाटली प्यायला लावू लागले.

आणि त्याच आठवड्यात आमच्या मंडळाचा ग्रुप आला. वीस-बावीस जण, बहुतेक डॉक्टर आणि इंजिनियर, विमानाने शनिवार-रविवारसाठी आलेले. मला आनंद झाला होता, हे मी कबूल करतो. आपली माणसं, आपली भाषा. डार्विनला मला दोनदा घरी जेवायला बोलावणाऱ्या मेधाताईही त्यात होत्या. त्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर.

कारपार्कमध्ये नेहमीसारखी ओळ लागली. गट मोठा म्हणून दादांनी ओळीचं एक टोक मला दिलं. मेधाताईंची बाटली काठोकाठ भरलेली होती. त्या हळूच म्हणाल्या, "आज हरतालिका आहे रे माझी. निर्जळी. पहाटे मोटेलच्या खोलीत लाल वाळूची पिंड करून पूजा केली. त्यांना सांगू नकोस, उगाच मला बसमध्ये बसवून ठेवतील. मी डॉक्टर आहे, मला कळतं माझं."

माझी आई हा उपास करते. पाण्याचा थेंब न घेता दिवसभर वडिलांच्या दुकानात काजं-बटणं करते. मला वाटलं, हे दादांना सांगणं म्हणजे आईची चहाडी करण्यासारखं आहे. तेवढ्यात दादा ओळीच्या माझ्या टोकाला आले, मेधाताईंसमोर थांबले. मी म्हणालो, "त्यांचं मी बघितलंय दादा."

आयुष्यात एवढं खोटं मी कधी बोललो नव्हतो, आणि ते इतकं सहज निघालं. दादांनी माझ्याकडे पाहिलं. दाखव म्हणाले नाहीत. मान हलवली आणि पुढे गेले. माझ्यावर विश्वास ठेवायचा म्हणून त्यांनी स्वतःचा नियम मोडला, तो त्या एकदाच.

दुसऱ्या चढावर मेधाताई कोसळल्या. दादांनी त्यांना कातळाच्या सावलीत नेलं, ओढण्या भिजवून मानेवर, काखेत ठेवल्या, सॅटेलाइट फोनवरून हेलिकॉप्टर बोलावलं. मी तिथेच दादांना सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "आधी तिच्यावर सावली धर," एवढंच म्हणाले.

मेधाताई वाचल्या. आठवडाभर आयसीयूत होत्या. शुद्धीवर आल्यावर त्यांनी जबाब दिला की पाणी प्यायलं का, असं गाईडने मला विचारलं नाही. शब्द खरा होता. मंडळाने कंपनीला पत्र लिहिलं, त्यावर सगळ्यांच्या सह्या. हरतालिकेचा उल्लेख कोणीही केला नाही, कारण इथल्या लोकांपुढे आपल्या चालीरीतींची शोभा नको. एका माणसाची नोकरी गेलेली चालेल, शोभा नको.

क्रेगने माझा जबाब घेतला. मी उपासाचं लिहिलं, माझ्या खोट्याचं लिहिलं, साडेनऊचंही लिहिलं. त्याने वाचलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. त्या सकाळी गाईडने त्या बाईची बाटली पाहिली का, एवढंच लिही म्हणाला. प्लेसमेंटच्या रिपोर्टवर त्याला सही करायची आहे, याचीही आठवण करून दिली. मी दुसऱ्या कागदावर लिहिलं: नाही, पाहिली नाही.

त्या तीन शब्दांवर दादांचं गाईडचं सर्टिफिकेट गेलं.

बसस्टॉपवर मी त्यांना सोडायला गेलो. साऊथ ऑस्ट्रेलियातल्या एका कॅरव्हॅन पार्कमध्ये देखभालीचं काम मिळालं होतं. तिथेही डोंगर आहेत, पण सर्टिफिकेटशिवाय त्यांना कोणाला वर नेता येणार नव्हतं. आपण खरं लिहून पाठवू, असं मी म्हणालो.

"डिग्री घे आधी," ते म्हणाले. "मग लिही."

"लिहितो दादा. शब्द देतो."

त्यांनी पिशवी खांद्यावर घेतली. "मास्टर, सांगू नकोस," म्हणाले आणि बसमध्ये चढले. पुढचं मला ऐकवायची त्यांना गरज नव्हती.

मी डिग्री घेतली. क्रेगची सही असलेल्या रिपोर्टवर चांगले मार्क पडले. मग नोकरी शोधली, मग व्हिसाची भीती होती, मग ती संपली तरी मी थांबलो. या वर्षी कंपनीचं नवं पत्रक हाती आलं. मुखपृष्ठावर उन्हात धरलेली पाण्याची बाटली, खाली 'तुमची सुरक्षितता, आमचं वचन'. बाटली धरणारा हात फोटोत मनगटाच्या जरा खाली कापला होता. मनगटावरचा खरचटल्याचा जुना पांढरा वण मी ओळखला, दादांचा. त्याच दिवशी मी सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला सगळं लिहिलं. उपास, माझं खोटं, साडेनऊ, दोन्ही जबाब, माझं नाव आणि सही. दादांचं सर्टिफिकेट परत द्या, असं शेवटी लिहिलं.

सहा आठवड्यांनी ईमेल आला. माझ्या माहितीबद्दल आभार मानले होते. ती गंभीर असून फेरविचार करण्याजोगी होती, असंही म्हटलं होतं. मात्र संबंधित व्यक्तीचं गेल्या हिवाळ्यात निधन झालेलं असल्याचं त्यांच्या मुलीने कळवल्यामुळे प्रकरण बंद करण्यात येत आहे.