उठवू नोको तिले

रविवारी सकाळी नऊला फोन वाजला की तो कुमुदताईचाच, हे आमच्या घरात तीस वर्षांपासून ठरलेलं होतं. त्यामुळे दीड महिन्यापूर्वीच्या त्या रविवारी फोन उचलल्याबरोबर मी सवयीनं म्हणालो, "बोल ताई." पलीकडे तिची मुलगी नेहा होती. अमेरिकेतच जन्मलेली, मराठीचा एकेक शब्द जपून ठेवत बोलणारी. "मामा, आई गेली. एक तास झाला. तिनं सांगून ठेवलं होतं, दिनूमामाला लगेच सांगायचं, काही लपवायचं नाही." ते शेवटचं वाक्य ताई खास माझ्यासाठी ठेवून गेली होती, आणि ते मला बरोबर लागलं.

कुमुदताई माझी मावसबहीण. वणीजवळच्या राजूरला आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. एका अंगाला चुनाभट्ट्या, दुसऱ्या अंगाला कोळसा. लग्न होऊन ती अमेरिकेत गेली, तिथल्या एका लहानशा गावातल्या वाचनालयात पुस्तकं लावायची नोकरी धरली आणि पस्तिशी उलटल्यावर इंग्रजीत कथा लिहायला लागली. कितीतरी वर्षं कथा परत येत राहिल्या. एका संपादकानं लिहिलं, छान आहे, पण यात थोडे मसाले, थोडी मोगऱ्याची फुलं घालता येतील का? त्याचा तिला असा संताप आला की तिनं त्यावर अख्खा निबंध लिहिला. आमच्या अंगणात मोगरा नव्हता, कोळशाची भुकटी होती, आणि दांडीवरचं लुगडं घडी करण्याआधी तीनदा झटकावं लागे, असा तो निबंध. तो छापून आला आणि मग तिच्या कथांनाही दारं उघडली. तीन कथासंग्रह झाले, निबंधांचं एक पुस्तक झालं. नागरिकत्व तिकडचं, पण कथा सगळ्या राजूरच्या. "तिकडचं काहून नाही लिहीत?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "इथं मी राह्यते रे. पण आठवते मले तिथलंच."

आणि आठवलेल्यावर तिचा विश्वास नसे. रविवारचा फोन म्हणजे माझी उलटतपासणी. "दिनू, चुनाभट्टीवरून घरी येतात त्या बायांच्या भुवया पांढऱ्या असतात. पापण्या बी होतात का रे?" मी म्हटलं, "होत असतीन." ती उसळलीच. "होत असतीन म्हणजे काय? जा, पाहून ये." मग मी मुकाट्यानं सायकल काढून भट्टीवर गेलो, बायांकडे टक लावून पाहिलं, त्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि पुढच्या रविवारी सांगितलं, पापण्याही होतात. अशा किती गोष्टी मी तिला पाहून सांगितल्या याचा हिशोब नाही. एका पापणीसाठी आठवडाभर कथा थांबवणारी बाई होती ती. खोटं तिला खपत नसे.

आणि मी तिच्याशी खोटं बोललो. तिची आई, म्हणजे माझी मोठी आई, एका शुक्रवारी पहाटे गेली. फोन तेव्हा फक्त आमच्याकडे. ताईचा सख्खा भाऊ मनोहरदादा म्हणाला, "तिले आत्ता सांगू नोका. तिचा नवरा गावाले गेला हाये, एकटी रडत बसंन. तेरवी झाल्यावर सांगू." सगळ्या मोठ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे ही माया समजली जाते. परदेशातल्या माणसाला मरण शिळं करून द्यायचं, म्हणजे त्याला सोसतं! रविवारी नऊला फोन वाजला. "आईले दे," ताई म्हणाली. सगळं घर माझ्या तोंडाकडे पाहत होतं. मी म्हटलं, "झोपली आहे." ती म्हणाली, "बरं, उठवू नोको तिले. थकली असंन." पुढच्या रविवारीही तेच झालं. तेरवीनंतर खरं सांगितलं तेव्हा ती रडली नाही, ओरडली नाही. मग म्हणाली, "उठवू नोको असं मीच म्हटलं नं रे? दोन डाव म्हटलं."

तिची सगळ्यात गाजलेली कथा ती हीच. तिनं ती मला फोनवर वाचून दाखवली होती, आपल्या बोलीत, थांबत थांबत. मला त्यात एक शब्दही बदलावासा वाटला नाही. पण दोनेक वर्षांनी कुणीतरी तिचा मराठी अनुवाद केला आणि गावाला कळलं. "घरची धुणी अमेरिकेत वाळत घातली हिनं," मनोहरदादा म्हणाला. या घरात तिचं नाव काढायचं नाही, असं त्यानं जाहीर केलं. ती आली तेव्हा दार लावून घेतलं. ती आमच्याकडे उतरली, दोन दिवस राहिली, आपल्या बंद दाराकडे पाहत माझ्या आईच्या हातचा झुणका खाऊन परत गेली.

त्याच मनोहरदादानं मागच्या महिन्यात शोकसभा घेतली. चौकात भलं मोठं फ्लेक्स लागलं. हात जोडलेले आठ पुढारी, आणि कोपऱ्यात पासपोर्टएवढी कुमुदताई. "गावाच्या लेकीनं सातासमुद्रापार नाव नेलं," म्हणत दादा माइकवर हुंदके देत होता. एका वक्त्यानं तिला थोर कवयित्री म्हटलं. तिनं जन्मात एक कविता लिहिली नव्हती. सभेत तिचं एकही पुस्तक नव्हतं, हार मात्र अकरा होते. मला शिसारी आली. त्या हारांची, त्या हुंदक्यांची, बशीतल्या बिस्किटांचीसुद्धा. उठून निघावं असं वाटत होतं, आणि मी दुसऱ्या रांगेत बसून चहा प्यायलो.

निघताना दादानं मला बाजूला घेतलं. "मावशीले सांगू नोको बरं. या वयात झेपणार नाही तिले." मावशी म्हणजे माझी आई. अठ्ठ्याऐंशीची आहे, डोळ्यांनी दिसत नाही, ताईवर तिचा जीव. मी मान डोलावली. खरं तर त्याच्या सांगण्याची गरजच नव्हती. सभेच्या कितीतरी आधी, नेहाच्या फोननंतरच्या पहिल्याच रविवारी, "कुमुदचा फोन नाही आला रे?" असं आईनं विचारलं आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "तिकडे रात्र आहे आई. झोपली असंन." सहा रविवार झाले. सहाही रविवारी मी हेच म्हणालो. दादाच्या हुंदक्यांची किळस करणारा मी... माझीच मला जास्त किळस येते. त्यानं निदान एकदाच दार लावलं.

हे ज्यात छापून येणार ती वर्तमानपत्राची पुरवणी आई दर रविवारी माझ्याकडून वाचून घेते, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. हा लेख लिहायला बसलो तेव्हा मी काय ठरवलं होतं ते सांगतो : छापून येईल त्या दिवशी हे पान गाळायचं, तिला काय कळणार आहे! हे मनात आलं आणि फोनकडे पाहवेना. तो अजून तिथेच आहे, खिडकीतल्या फळीवर, तारेचा. खाली आईचं स्टूल. त्यावर बसून ती ताईशी शेवटचं एक मिनिट बोलायची, आणि आता नऊ वाजता नुसतीच जाऊन बसते.

आत्ता दुपार आहे. मी आत डोकावून पाहून आलो. आई झोपली आहे. खरोखर झोपली आहे, कूस बदलून, हात उशाखाली घेऊन.

पेन ठेवतो. तिला उठवतो.