दोरीला हात लावणारा माणूस

निघायच्या सकाळी आईने मला नवी पँट काढून द्यायला लावली. गाडी घरापुढच्या खळ्यात उभी, ड्रायव्हर हॉर्न देतोय, शेजारच्या चार बाया मला निरोप द्यायला ओटीवर येऊन बसलेल्या, आणि मी आत टॉवेल गुंडाळून उभा. चोरखिसा शिवायचा राहिला, हे तिला ऐन वेळी आठवलं होतं. बाबांच्या जुन्या सदऱ्याचा तुकडा घेऊन तिने पँटच्या कमरेला आतून खिसा शिवला, वर बटण लावलं आणि म्हणाली, "पासपोट ह्येच्यात ठेव. थंय चोर लय आसतत म्हणतत."

बाबा बाहेरून म्हणाले, "चोर खंय नसतत? सोड तेका, इमान चुकात."

मी पोर्तुगालला चाललो होतो, लिस्बन शहरात. बाबांना पोर्तुगीज म्हटलं की गोवाच डोळ्यांसमोर यायचा. गोव्याच्या जरा पलीकडे पोरगा चाललाय, अशाच थाटात त्यांनी मला गाडीत बसवलं. मीही हसत होतो. दोन वर्षांत परत येऊ, असं तेव्हा मनात होतं. त्याला आता पाच वर्षं झाली.

हे लिहायला बसलो, कारण आमच्या वाडीतले दोघे पुढच्या महिन्यात इकडे यायला निघालेत. त्यांनी मेसेज करून विचारलं, "संतोषदा, थंय चोर आसत काय?" साधा प्रश्न. होय म्हणून मोकळं व्हायचं. पण चार दिवस झाले, मी उत्तर लिहितो आणि पुसतो. म्हणून म्हटलं, सगळंच लिहून टाकावं. त्यांनीही वाचावं आणि मागे राहिलेल्यांनीही.

पहिल्या वर्षी मी बहुतेक सगळे प्रकार स्वतःच्या अंगावर करून घेतले. एका चौकात एक जण हसत आला आणि माझ्या मनगटाला रंगीत दोरा बांधू लागला. मी गुरवापुढे धरतात तसा उजवा हात पुढे केला, मान खाली घातली, मनातल्या मनात रवळनाथाचं नाव घेतलं. डोळे उघडून बघतो तर तो पैसे मागतोय आणि त्याचे दोन दोस्त माझ्या दोन्ही अंगांना उभे. एका बाईने माझ्या खांद्यावर पक्षी शिटल्याचं दाखवून मायेने पुसून दिलं, आणि पुसता पुसता मोबाईल नेला. खोली भाड्याने देतो म्हणून आगाऊ रक्कम घेऊन गेलेल्या सद्‌गृहस्थाचा तर मला अजून राग येत नाही. त्याने मला कॉफी पाजली होती आणि आईची चौकशी केली होती. त्याने दिलेली चावी त्या इमारतीतल्या कुठल्याच दाराला लागली नाही.

आठ दिवस हिंडायला आलेल्या पर्यटकाचं नुकसान होतं आणि तो घरी जातो. आमच्यासारखे इथे राहणारे परदेशी जास्त सोयीचे. तक्रार करायची तर भाषा अर्धवट, आणि हातात राहण्याचं कार्ड नसेल तर चोरापेक्षा पोलिसाची भीती मोठी. दर वेळी मी घरी येऊन तोंड मिटून बसलो. एक मात्र खरं, चोरखिशाला कोणाचा हात लागला नाही.

काम एका हॉटेलच्या किचनमध्ये, मासे साफ करायचं. आम्ही गाबीत, दर्यावर मासेमारी करणारे. आमच्या घरात हे काम बायका गप्पा मारता मारता करतात, त्याचा मला इथे पगार मिळतो. आणि इथे सुक्या माशाला काय मान! सणाच्या दिवशी खारवलेला मासा दोन दिवस पाण्यात भिजवून पाहुण्यांपुढे ठेवतात. आमच्याकडे पाहुणा आला की आई सुक्याची दुरडी आधी माळ्यावर लपवायची. हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "गरीब आसतीत बिचारे."

गेल्या वर्षी बाबांची उजवी बाजू गेली. बोलणं मात्र शाबूत होतं. मला जाता येईना, कारण माझं कार्ड यायचं होतं. त्याशिवाय देश सोडला तर परत आत घेतील की नाही याची खात्री नव्हती, आणि घर तर माझ्याच पगारावर चाललेलं. बाबा दर फोनला एकच विचारत, "कार्ड गावला काय?" नाही म्हटलं की फोन आईकडे देत. मी म्हणायचो, बाबा, जरा बोला तरी. त्यावर ते म्हणायचे, "फोनार काय बोलूचा? येतलस तेव्हा बसान बोलू."

कार्ड आलं. मी त्याच आठवड्याचं तिकीट काढलं. मला दुसरं काही नको होतं, बाबांसमोर बसून बोलायचं होतं. पाच वर्षांचं साठलेलं होतं, त्यांचंही आणि माझंही.

निघायच्या दिवशी पासपोर्ट आणि कार्ड चोरखिशातून काढून पाठीवरच्या पिशवीत ठेवलं. विमानतळावर माणसांसमोर पँटच्या आत हात कसा घालणार? हातात मोठी बॅग, तीत आईसाठी शाल आणि बाबांसाठी लोकरी मोजे. मेट्रोतून उतरलो तर स्टेशनातला सरकता जिना बंद. साठेक पायऱ्या चढायच्या होत्या. मी वीसेक चढलो असेन, तोच बॅग एकाएकी हलकी झाली. मागे बघतो तर लोकरी टोपीतला पन्नाशीचा एक माणूस. त्याने खालून बॅगेला हात लावला होता. नुसती मान हलवली, चल म्हणून.

हात लावू नको म्हणायला हवं होतं, हे आता मलाही कळतं. पण माझं वाढणं रापणीच्या काठावरचं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी अर्धगोल फिरून जाळं टाकते, आणि वाळूत उभी राहून माणसं त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या ओढतात. येणाराजाणाराही हात लावतो. मासळी वर आली की वाटे पडतात. आमच्या रापणीचे वाटे बाबा घालायचे. एकदा कोण कुठला एक फिरस्ता शेवटच्या दहा हातांना दोरीला लागला, आणि बाबांनी त्याच्यापुढे बांगड्यांचा वाटा टाकला. लोक कुरकुरले. बाबा म्हणाले, "जेना दोरयेक हात लावल्यान, तेका वाटो गावाकच होयो. तो कोण, खंयचो, ह्या मागसून इचारा." मी तेव्हा दहाबारा वर्षांचा होतो. दुसरा काही न्याय मला माहीतच नाही.

तर वर पोचल्यावर मी त्या माणसाला थांबवलं. तो हातानेच नको नको म्हणत होता. मी ऐकेना. भर गर्दीत पाठीवरची पिशवी पुढे घेतली, चेन उघडली, घरी न्यायला घेतलेल्या चॉकलेटांतला एक पुडा शोधून काढला आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो कोटाच्या खिशात ठेवला आणि पुन्हा बॅगेची मूठ धरली. तेवढ्यात एक जोडपं नकाशा पसरून रस्ता विचारायला आलं, अगदी अंगाला अंग लावून. मला माहीत नाही म्हटल्यावर ते गेलं. मी चेन लावली. पन्नास पावलांवर पुन्हा पिशवी उघडली, तर पासपोर्ट आणि कार्ड ठेवलेलं पाकीट नव्हतं.

तो माणूस अजून माझी बॅग ओढत माझ्याबरोबर चालत होता. मी त्याची कॉलर धरली. मालवणीत ओरडलो, जे तोंडाला आलं ते. इतक्या वर्षांत फसलो त्या सगळ्यांचा राग मी त्या एकट्यावर काढला. लोक जमले, पोलीस आले, दोघांनाही चौकीत नेलं.

तिथे त्याचे खिसे रिकामे करायला लावले. एक किल्ली, चष्मा, औषधाची पट्टी, काही नाणी, आणि मी दिलेला चॉकलेटचा पुडा. सगळं टेबलावर मांडलं. माझं काही निघालं नाही. पोलीसबाई मला इंग्रजीत समजावत होती, की बरेचदा हे लोक टोळीने असतात, एक मदत करतो आणि दुसरा हात मारतो. बरेचदा, म्हणाली. नेहमी, नाही म्हणाली. त्याला सोडून दिलं. त्याने किल्ली उचलली, चष्मा घातला, औषध आणि नाणी खिशात टाकली. पुडा तिथेच ठेवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

चोर असता तर पुडा घेऊन गेला असता, असं मला वाटतं. मग वाटतं, चोर होता म्हणूनच त्याला तो नकोसा झाला. मग वाटतं, मीच चार माणसांत त्याचा असा पाणउतारा केल्यावर कोणता माणूस माझी चॉकलेटं खाईल? विमान गेलं. मी तो पुडा उचलून खोलीवर आलो. तो अजून कपाटात आहे, मला तो खाववतही नाही आणि टाकवतही नाही.

संध्याकाळी घरी फोन केला. कागद चोरीला गेले, आता थोडे दिवस लागतील, असं सांगितलं. जिन्याची गोष्टही सांगितली. फक्त कॉलर धरली ते गाळलं. बाबांनी कधी नव्हे ते फोन आईला परत दिला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बॅगेक हात लावल्यान, तेका काय दिलस मां?"

"दिलंय, बाबा," मी म्हणालो.

"बरा केलस," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी त्यांना दुसरा झटका आला. जीव राहिला, वाचा गेली. पाचव्या दिवशी मला पोलिसांचा फोन आला, की पाकीट टपालाच्या पेटीत मिळालं आहे. पैसे गेले होते. पासपोर्ट आणि कार्ड जसंच्या तसं. चोर कधी कधी असं करतात म्हणे, कामाचं तेवढं घेतात आणि कागद टपालपेटीत टाकतात. आता या चोराला काय म्हणू? त्याने माझा रस्ता अडवला आणि बाबांची वाचा गेल्यावर दोन दिवसांनी मोकळा केला. मी देवाचे आभार मानले आणि त्याच दमात त्या चोराला शिव्या घातल्या. नवव्या दिवशी घरी निघालो.

मालवणच्या स्टँडवर माझं जाकीट बघून रिक्षावाल्याने मला पाहुणा समजून भलत्याच रस्त्याने फिरवायला घेतलं. मी म्हटलं, "बाबा रे, हंयसून खंय नेतंस?" तो ओशाळून हसला आणि गाडी वळवली. मला त्याचा राग यायला हवा होता. पण घरी आल्याची पहिली खूण त्याच्या त्या ओशाळण्यात मिळाली, याचं मी काय करू? किनाऱ्यावर आता हॉटेलं झालीत. फिरायला आलेल्या एका बाईच्या मागून मी चालत होतो, तर तिने पर्स पोटाशी घट्ट धरली आणि पावलं उचलली. माझ्याच वाडीत. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की बाई, मी इथला. लिस्बनमध्येही मी अशीच पिशवी पोटाशी धरून चालतो, हे आठवलं आणि मी मागे रेंगाळून तिला पुढे जाऊ दिलं.

बाबा पडवीत खुर्चीवर होते. मला ओळखलं. डावा हात माझ्या तोंडावरून फिरवला. मी वीस दिवस घरी होतो. रोज म्हणायचो, आज सांगतो. शेवटी निघायच्या आदल्या दिवशी, आई विहिरीवर गेलेली असताना, त्यांच्यापुढे बसलो आणि सगळं सांगितलं. त्या माणसाची कॉलर धरली ते. त्याला चारचौघांत चोर ठरवलं ते. पुडा टेबलावर राहिला ते. फोनवर तुमच्याशी खोटं बोललो ते. म्हटलं, "बाबा, तुम्हीच सांगा, तो चोर होतो काय?"

त्यांनी माझ्याकडे पुष्कळ वेळ बघितलं आणि मग तोंड पलीकडे वळवलं. नंतर आईला विचारलं, की बाबा माझ्यावर रागावलेत काय? तिने छपराकडे बघितलं आणि खुर्ची हातभर सरकवली. म्हणाली, "रागावतीत कित्याक? तेंका ऊन लागता."

ते ऊन होतं की राग, मला माहीत नाही. मी परत आलो, कामाला लागलो. पोरांनो, तुम्ही या. कागद सांभाळा, आईने काय शिवून दिलं तर लाजू नका. चोर आहेत. पण कोण चोर ते मला विचारू नका. मला ते अजून ओळखता येत नाहीत, आणि ओळखता येतात असं वाटलं त्या दिवशी मी काय केलं ते तुम्ही वाचलंत.

पूर्वी घर म्हटलं की मला किनारा आणि माड आठवायचे. आता दर रविवारी आई फोन बाबांच्या तोंडासमोर धरते. मी आठवड्याचं सगळं सांगतो, मग त्या माणसाचं विचारतो, आणि थांबतो. पलीकडून बाबांचा श्वास ऐकू येतो. आई म्हणते, "रे, ठेव आता, हात दुखले माझे." मी म्हणतो, आये, अजून थोडा वेळ धर.