क्शेंगोसुश

निवृत्तीनंतर मुलीकडे अमेरिकेत शॉमबर्गला राहायला आलो, तेव्हा शेजारच्या पोलिश गृहस्थांशी ओळख झाली. वयाने ऐंशीच्या पुढचे, एकटेच राहत. मी महाराष्ट्रात गुरांचा डॉक्टर होतो हे कळल्यावर एका दुपारी त्यांनी विचारलं, "डॉक्टर, क्शेंगोसुश म्हणजे काय हो? आजी सांगायची, तिच्या लहानपणी या रोगाने गावातले गोठेच्या गोठे ओस पडले."

"शब्दाचा अर्थ काय होतो?"

"क्शेंगी म्हणजे पुस्तकं. सुश म्हणजे सुकलेलं. पुस्तकं सुकली की गाय मरते, असं मला वाटायचं. सात वर्षांचा होतो मी. आमची एकच गाय होती. म्हणून मी शाळेची पुस्तकं रोज पाण्याने भिजवायचो. मास्तरांनी हातावर वळ उठेपर्यंत मारलं. का भिजवतो, ते मी कुणाला सांगितलं नाही."

मला हसू आलं नाही. गोठे ओस पाडणारा रोग आणि सुकलेली पुस्तकं, म्हणजे ही आमच्याकडची बुळकांडी. नोकरीच्या सुरुवातीला तिची लस टोचत मी गावोगाव हिंडलो होतो, आणि जिथे पोचायला उशीर झाला तिथे मेलेली जनावरं उघडून पाहिली होती. आता तो रोग जगातून गेला.

"गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात," मी म्हणालो. "तिसऱ्यात पुस्तकाच्या पानांसारखे पडदे असतात. या रोगात त्या पानांमधला चारा कधीकधी सुकून कडक होतो. तीच ही पुस्तकं."

बुळकांडी हे नाव आम्ही ठेवलं ते जुलाबावरून, गोठ्याच्या दारातूनही जे दिसतं त्यावरून. त्यांच्यातल्या कुणीतरी मेलेली गाय उघडून आत पाहिलं होतं.

ते म्हणाले, "आजीला वाचता येत नव्हतं. पण ही पुस्तकं तिने पाहिली असणार."

त्यांनी तिथूनच पोलंडमधल्या थोरल्या बहिणीला फोन लावला. मला भाषा कळत नव्हती, तो शब्द तेवढा दोनदा ऐकू आला. पलीकडून बहीण बोलू लागली आणि यांनी चष्मा काढला.

फोन ठेवून म्हणाले, "पुस्तकं मी भिजवतो हे मास्तरांना तिनेच सांगितलं होतं. आज माफी मागितली. म्हणाली, गाईसाठी करतोयस हे कळलं असतं, तर मीच पाणी आणून दिलं असतं."

"आणि गाय?"

"ती म्हातारी होऊन गेली. आमच्या वेळी तो रोग नव्हताच, डॉक्टर."