चार दिवसांची पाहुणी

पवनीला आम्ही भाड्याने राहत होतो, त्या घराच्या परसाला लागून एका तांदळाच्या व्यापाऱ्याचं परस होतं. तिथल्या पडवीत खुंटीला एक गठोडं कायम टांगलेलं असे. रोज सकाळी सडा घालून झाला की त्या घरात राबणाऱ्या सारजाबाई ते खाली काढायच्या, आतलं लुगडं झटकायच्या आणि पुन्हा घडी घालून बांधून ठेवायच्या. मी एकदा विचारलं, "कुठं निघालात?" तर म्हणाल्या, "गावाले. मी त चार दिसाची पाव्हनी आहो इथं, भाऊ."

तेव्हा त्यांचे अर्धे केस पांढरे झाले होते.

त्या व्यापारी शेठजींच्या पत्नी कौसल्याबाई दिघोरीहून लग्न होऊन आल्या, तेव्हा त्यांच्यासोबत पाठराखीण म्हणून नऊ-दहा वर्षांची सारजा आली होती. नवरीला करमावं म्हणून अशी मुलगी चार दिवस राहते. मग सासरचे लोक तिला लुगडं देऊन, ओटी भरून परत पाठवतात. सारजाला लुगडं मिळालं, पण ओटी कोणी भरली नाही. आधी भाताची रोवणी आली, मग बाळंतपण, मग दुसरं बाळंतपण. दिघोरीत तिची आई वारली. धाकटा भाऊ मोठा होऊन न्यायला आला, तर शेठजींनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

घरात माणसं चौदा. पाणी, शेण, भांडी, चूल, पोरांची आजारपणं, सगळं या दोन हातांवर. मोबदला म्हणजे दोन वेळचं जेवण, तेही सगळ्यांचं उरकल्यावर. आणि शेठजींची हाक अजूनही "ए पोरी!" अशीच.

मला असली गोष्ट पाहून गप्प बसवत नाही. शेठजींना सरळ विचारलं, "यांना पगार का देत नाही?"

"घरच्या मानसाले कोनी पगार देते का, साहेब?"

"घरचं माणूस पंगतीला का बसत नाही मग?"

ते हसले आणि पानाचा डबा माझ्यापुढे सरकवला. अशा माणसाशी धड भांडताही येत नाही.

वेठबिगारीविरुद्धचा कायदा नुकताच झाला होता. कचेरीत गेलो. तिथले साहेब म्हणाले, बाईंनी स्वतः येऊन सांगावं. सारजाबाई उलट माझ्यावरच उखडल्या. "पाव्हन्यानं कचेरीत जावं का? काहीच्या काही सांगता!"

"मग अशाच निघून जा. एसटी आहे."

"बिना ओटीची? चोरावानी? हाकलून देल्ली म्हनतीन गावचे."

त्यांच्या चुलीपाशी रोज जाऊन बसणारी माझी बायको म्हणाली, "मी भरते तुमची ओटी."

"तुमी कायले? ज्याच्या घरी आली त्यानं भरावं."

शेठजींचा संताप येतच होता. आता सारजाबाईंचाही येऊ लागला.

मग त्यांच्या भावाच्या मुलीचं लग्न ठरल्याचा निरोप आला. त्या दुपारी शेठजींच्या अंगणात सगळे बसलेले होते आणि सारजाबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. मी कुंपणाशी उभा होतो. त्यांनी पहिल्यांदाच तोंडानं मागितलं. "बाई, भरा माही ओटी. भाचीचं लगन हाय."

कौसल्याबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"हंगाम सरू दे ना पोरी, मंग जाजो," शेठजी म्हणाले. "चार दिसानं काय बिघडते?"

सारजाबाई उठल्या. पुढ्यातल्या सुपातले तांदूळ ओंजळीनं उचलून स्वतःच्या पदरात घातले. एकदा, दोनदा, पाचदा. पदर खोचला आणि म्हणाल्या, "माहे चार दिस झाले जी." गठोडं काढून त्या कौसल्याबाईंसमोर उभ्या राहिल्या. "कुकू लावा, बाई. येवढं त तुमच्या हातानं होऊ द्या."

कौसल्याबाईंचा हात उचलला गेला नाही. सारजाबाई थोडं थांबल्या आणि फाटकातून बाहेर पडल्या. माझी बायको धावत त्यांच्यामागे एसटी स्टँडवर गेली. कुंकू तिनं तिथं लावलं.

त्या परत आल्या नाहीत. शेठजी मात्र भेटेल त्याला सांगत सुटले की पोरगी तांदूळ चोरून पळाली. ते आठवून माझं डोकं आजही फिरतं.

सारजाबाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कौसल्याबाई आमच्या दाराशी आल्या. डोळे सुजलेले, हातात रिकामी वाटी.

"वहिनी, आमच्या घरी सारजी मीठ कुठं ठेवते, तुमाले मालूम हाय का?"

माझ्या बायकोला माहीत होतं. तिनं सांगितलं नाही.