समोरचं पान

मुलांनो, अख्ख्या वऱ्हाडात गाणं ऐकणारे कान दोनच, आणि ते दोन्ही आपल्याच डोक्याला आहेत, असं माझ्या मावसभावाचं ठाम मत आहे. तुमच्या या मामाआजोबांनी वकिलीची सनद भिंतीवर टांगली आणि अकोल्यात, जठारपेठेतल्या घरातून, उभा जन्म संगीताचं मासिक चालवलं. मैफल अमरावतीची असो की मोझरीचं खंजिरी भजन, हा पहिल्या रांगेत मांडी घालून बसणार आणि शेवटचा सूर विरेपर्यंत कुणाला उठू देणार नाही. तुमच्या बाबांच्या लग्नात मी त्याला विचारलं, "अक्षता पडल्या का रे?" तर म्हणाला, "सनईचा पंचम पडला, ताई."

पण त्याच्या एका नियमाचा मला आजही अभिमान वाटतो. परीक्षण छापण्याआधी तो ते गाणाऱ्याला वाचायला देई आणि त्याचं उत्तर समोरच्या पानावर, एक शब्दही न कापता, छापी. लोक मासिक घेत ते या भांडणांसाठीच. एका तबलजीने एवढंच कळवलं, "संपादकाला ताल कळत नाही." याने ते वाक्य पानभर मोठ्या अक्षरांत छापलं आणि शेजाऱ्यांना कौतुकाने दाखवत फिरला.

मग गाणं मोबाइलवर गेलं, जाहिराती आटल्या, पानं गळत गेली. शेवटी मासिक बंद करायचं ठरवून त्याने निरोपाच्या अंकासाठी स्वतःच्याच मासिकाचं परीक्षण लिहिलं: "आवाज थकला आहे. आता थांबावं." नियमाप्रमाणे समोरचं पान उत्तरासाठी रिकामं ठेवलं आणि मजकूर जुन्या गाणाऱ्यांना धाडला.

चार दिवसांनी हिवरखेडच्या भजनी मंडळाच्या काकू सगळं मंडळ घेऊन दारात हजर. मी तिथेच होते.

"भाऊ, तुमी आमच्या गाण्याले फुटका माठ म्हटलं, तवा मले भल्ला राग आला होता. पण रातभर बसून आयकलं तं तुमीच ना? आता कावून पळून राहिले?"

"वाचणारं कोण राह्यलं, बाई?"

"आमी हावो ना! तुमी लिवलं नाही तं आमी कुठं चुकलो, हे आमाले कोण सांगन?"

तो माझ्याकडे वळून पुटपुटला, "ताई, हे उत्तर तर छापावंच लागेल. आणि हे छापल्यावर मासिक बंद कसं करू?"

मासिक अजून निघतं. एकच घडीचा कागद: डावं पान त्याचं, उजवं गाणाऱ्याचं. त्याचा डावा कान आता गेलाय, म्हणून उजवा गाणाऱ्याकडे करून तो तिरका बसतो. परवा भजन आटोपलं, माणसं सतरंज्या गुंडाळू लागली, तेव्हा त्याने हळूच विचारलं, "ताई, शेवटचा सूर विरला का गं?"

मी म्हटलं, "नाही अजून. बैस."